घसरखुर्चीची चाचणी

७ जानेवारी, मंगळवार

काठी! माझ्या नशिबी काठीच आली!

सकाळी चर्चच्या तळघरात चिठ्ठ्या काढल्या. बेग्गीच्या लोकरी टोपीत गावातल्या म्हाताऱ्यांची नावं, आणि नगरपालिकेची ओक्साना एकेक काढून वाचते आहे. अर्ध्यांना नवी घसरखुर्ची. अर्ध्यांना तीच जुनी, पोलादी टोकाची काठी, जी नगरपालिका वर्षानुवर्षं वाटत आली आहे. बेग्गीला खुर्ची. थोरुनला खुर्ची. मला काठी. घरात असल्या दोन आधीच दाराआड उभ्या आहेत, आता ही तिसरी!

"हा कुठला न्याय?" मी म्हणालो. "सगळ्यांनाच द्या की खुर्च्या."

"मग ताडून कशाशी बघू, स्टाइनी आफी?" ओक्साना म्हणाली. ती सगळ्या म्हाताऱ्या पुरुषांना आफी म्हणते आणि बायकांना आम्मा. युक्रेनी पोरीच्या तोंडी आमच्या जुन्या भाषेतले हे आजोबा-आजी फार गोड लागतात, म्हणून कुणी रागावत नाही.

मग तिने सरकारचा नियम मोठ्याने वाचला. स्पष्ट, ठाशीव, हात मागे बांधून! आमच्या तेव्हाच्या मास्तरणीने, मिस आस्लाउगने, हिला शाळेत पहिल्या बाकावर बसवलं असतं. नियम असा: नवी वस्तू एकदम ढिगाने घ्यायची नाही. आधी थोडी घ्यायची, एक हिवाळा वापरायची, जुनीशी ताडायची. वापरणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत अनुभव लिहायचा. नवी सरस ठरली तरच पुढच्या हिवाळ्यासाठी मोठी खरेदी. नाहीतर पुन्हा काठ्या. आणि चाचणी चालू असेतो काठीवाल्याने खुर्चीला शिवायचं नाही.

"हातसुद्धा लावायचा नाही?"

"हातसुद्धा नाही. लावलात की दोघांचेही कागद बाद."

बेग्गी शेजारी बसून कोकरासारखा हसत होता. पासष्ट वर्षांची मैत्री, पण आज त्याला तळ्यात बुडवावंसं वाटलं. तळं गोठलेलं आहे हे त्याचं नशीब.

९ जानेवारी, गुरुवार

खुर्च्या आल्या! काय देखण्या आहेत!

लाल रंगाची खुर्ची, खाली दोन लांब पोलादी पट्ट्या, थेट मागेपर्यंत गेलेल्या. मागे उभं राहायचं, एक पाय पट्टीवर, दुसऱ्या पायाने ढकला मारायचा. दमलं की पुढे येऊन बसायचं. अशा तर आमच्या लहानपणीही होत्या. आमच्या पाबींनी, म्हणजे वडिलांनी, मला बर्चच्या लाकडाची करून दिली होती. नवं काय, तर हाताने दाबायचा ब्रेक. आणि रस्ता कोरडा लागला तर पायाने खटका दाबायचा, छोटी चाकं खाली येतात. पलीकडच्या गावातलं एक जोडपं त्या बनवतं. नवरा लोखंड वाकवतो, बायको रंग देते. खुर्च्यांबरोबर त्यांनी डोनटचा खोकाही पाठवला होता. ओक्सानाने तो तसाच परत पाठवला. "बनवणाऱ्याकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही!" आमच्या डोळ्यांदेखत डोनट गेले. चॉकलेटचे होते.

आणि थोरुन बाहेर आली!

गेल्या वर्षी कमरेचं हाड मोडल्यापासून ती बर्फाच्या दिवसांत उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आज घरापासून टपालघरापर्यंत आली. निळा कोट, गळ्याला पांढरा रुमाल. एक ढकला, दोन ढकले, आणि मग सरळ घसरत— गालांवर लाली, डोळ्यांत पाणी. वाऱ्याचं पाणी, ती म्हणाली. मी टपालघराच्या दाराशी काठी रोवून उभा होतो, आणि मला मिस आस्लाउगची ती कविता आठवली, जी तिने स्वतः रचली होती आणि आम्हाला फळ्यावरून पाठ करायला लावायची:

"उत्तरवाऱ्या, हळू जरा रे, दार नको ठोकू,
आत कुणी ती फुलत असे, तू फुलू दे तिला, नको रोखू."

तिसरीत असताना मी ती म्हटली होती. पहिल्या बाकावर थोरुन बसली होती. मी दुसरी ओळ विसरलो आणि तिने ओठ हलवून सांगितली. बास. तेव्हापासून आहे हे असं.

(पुढे तिने लग्न आयनारशी केलं. चांगला होता आयनार. मासे उत्तम धूर देऊन टिकवायचा. मी माझ्या हेल्गाबरोबर, ती असेपर्यंत, सुखात होतो. कुणाचं काही वाईट झालं नाही. पण कविता पाठ ती पाठच!)

१४ जानेवारी, मंगळवार

चहा नाही, कॉफीच. खडीसाखर दातात धरून. थोरुनच्या स्वयंपाकघरात तिच्या लेकीचा कॅलगरीहून फोन आला, टेबलावर ठेवलेल्या फोनमधून लाराचा आवाज सगळ्या खोलीत.

"आई, मी एकदाच सांगते. मार्चअखेर मी येतेय. तुझी ती घसरखुर्ची पुढच्या हिवाळ्यातही राहणार असेल तर राहा तिथेच. नाही राहणार, तर सामान बांधायचं. आणखी एक हिवाळा तुला घरात कोंडलेलं मला बघवणार नाही."

"अगं, चाचणी चालू आहे."

"आणि एकदा जरी पडलीस ना, तर चाचणीबिचणी काही नाही!"

फोन ठेवल्यावर थोरुनने मला आणखी एक पॅनकेक दिला, आत तपकिरी साखर घालून गुंडाळलेला. मीच बोललो, "तू पडणार नाहीस."

"तू?"

"मी? मी कधी पडलोय!"

पडलो होतो. परवाच. तिला कशाला सांगू.

१५ जानेवारी, बुधवार

बेग्गी दिवसातून चारदा माझ्या खिडकीवरून जातो. जाताना घंटी वाजवतो. खुर्चीला घंटी नव्हती— स्वतःच्या पैशांनी लावली!

२२ जानेवारी, बुधवार

दोन दिवस पाऊस, मग एकदम उणे पंचवीस. गाव सगळं काचेचं झालंय. बघायला असं, की डोळे निवावेत! चालायला असं, की देव आठवावा.

थोरुन आणि मी रोज बरोबर निघतो. म्हणजे निघतो बरोबर. दोन ढकल्यांत ती पुढे, मी मागे टुकटुक टुकटुक काठी रोवत. मग ती ब्रेक दाबून थांबते आणि मागे न बघता ओरडते, "आलास का रे, स्टाइनी?" ढकलायला हात शिवशिवतात, पण हात लावायचा नाही. सरकारचा नियम! असा नियम शाळेतसुद्धा नव्हता.

आज मी तिच्या पाठीवर कवितेचं अर्धुकं फेकलं. आमच्याकडची ही जुनी खोड. एकाने पहिली ओळ टाकायची, दुसऱ्याने पुढची जोडून ती पुरी करायची. कुणाच्याही घरी, कुठेही. अर्धी कविता हवेत लोंबकळत ठेवणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवणं. मी म्हणालो—

"काठी हाती, टोक पोलादी, चाल माझी राजाची—"

तिने मान वळवली नाही. एक ढकला मारला आणि वाऱ्यावरून आलं—

"राजा बसला बर्फावरती, वाट पाही प्रजेची!"

म्हणजे तिला कळलंय! मी त्या दिवशी पडलो ते तिने पाहिलंय! लाजेने कान तापले, उणे पंचवीसमध्ये ही एक सोयच झाली.

२७ जानेवारी, सोमवार

ओक्सानाने आठवड्याचे कागद गोळा केले. तळघरात, कॉफी आणि तिच्या आईच्या हातचे बटाटा भरलेले पेरोगी. प्रत्येकाला विचारलं, पडलात का?

मी: नाही. (खरं तर तीनदा.)

सिगुरवेग, माझ्याच काठीगटातली, दूधवाल्याच्या दुकानासमोर आडवी झाली होती, अख्ख्या गल्लीने पाहिलं. ती: "छे गं."

फ्योला, आणखी एक काठीवाला, भुवईला पट्टी लावून बसलेला: "दाराला आपटलो."

"कुठल्या दाराला?"

"होतं एक."

ओक्सानाने लेखणी खाली ठेवली. "म्हणजे या बर्फाच्या काचेवर सांडविक गावात एकही माणूस पडला नाही?"

बेग्गी म्हणाला, "आमच्याकडे पडत नाहीत गं पोरी. बसतात."

सगळे हसले. मीही. पडणं हे आमच्या गावात सांगायचं नसतं. आमचे आजे-पणजे समुद्रापलीकडून येऊन या तळ्याच्या काठी पहिल्या हिवाळ्यात ताडपत्र्यांखाली राहिले, देवीच्या साथीतून वाचले. त्यांची नातवंडं टपालघरासमोर घसरून पडली असं कागदावर लिहून कोण देणार!

४ फेब्रुवारी, मंगळवार

विनिपेगहून प्रांताच्या खरेदी खात्याचे बाउतिस्ता आले होते. गोल चेहरा, हसरे, मनिलाचे. म्हणाले, "तीस वर्षं झाली मला इथे, पण तुमच्या या थंडीची अजून ओळख व्हायचीय."

कागद चाळले. पुन्हा चाळले. चष्मा काढला.

"काठीगट: पडले, कुणी नाही. खुर्चीगट: पडले, कुणी नाही. काठीगट: अडचण नाही, रोज बाहेर जातो. खुर्चीगट: अडचण नाही, रोज बाहेर जातो." मग ओक्सानाकडे वळून, अगदी हळू, जणू तिच्या घरी कुणी वारलंय, "ओक्साना, फेब्रुवारी सरेपर्यंत हे असंच राहिलं तर चाचणी काय सांगते? दोन्ही सारख्या. आणि सारख्या असल्या तर नियम सांगतो, स्वस्त ती घ्या. म्हणजे काठी."

"पण थोरुन आम्मा गेल्या वर्षी घरात होत्या! आता रोज बाहेर—"

"ते मला दिसतंय. पण फ्योलांनी लिहिलंय की काठी घेऊन ते तळ्याच्या पलीकडेही जाऊन येतात."

सगळ्यांनी फ्योलाकडे पाहिलं. फ्योलाने भुवईवरची पट्टी चाचपली.

मी थोरुनकडे पाहिलं नाही. बघवलं नाही. आम्ही आमच्या मिजाशीपायी तिला कॅलगरीला धाडायला निघालो होतो!

बाउतिस्ता निघाले आणि दाराबाहेरच्या पायरीवर— सर्रर्र! कागदांची पिशवी एकीकडे, ते एकीकडे. आम्ही धावलो. म्हणजे लगबग केली. बेग्गीने त्यांना हात दिला आणि गंभीरपणे म्हणाला, "बसलात का साहेब?"

बाउतिस्ता उठून बर्फ झटकत म्हणाले, "नाही हो. पडलो."

किती सोपं! एका शब्दात सांगून टाकलं माणसाने!

५ फेब्रुवारी, बुधवार

ओक्साना घरी आली. कोटसुद्धा न काढता बोलली. "आफी, खोटं लिहा असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर माझी नोकरी जाईल. मी म्हणतेय, खरं लिहा. एवढंच!"

"बघतो."

"बघतो म्हणजे काय?"

"म्हणजे... बघतो."

ती दार आपटून गेली. दारावरचा बर्फ खाली आला. जाताना ती घसरली आणि कुंपण धरून सावरली. मी खिडकीतून बघितलं. तिनेही बघितलं मी बघतोय ते. कुंपण धरून माझ्याकडे बोट रोखून ओरडली, "हे! हे असं लिहायचं!"

मी लेखणी घेऊन बसलो. "मी पडलो" लिहायला हात उठेना. "मी टपालघरासमोर" एवढं लिहिलं आणि पुढे कविता सुचायला लागली. खुळचटपणा! पण— थांब. थांब, थांब.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मी काय ठरवलंय ते इथेसुद्धा लिहीत नाही, नाहीतर मोडेल. दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या, ओळी जुळवल्या. मोजे उलटे घातलेत हे दुपारी कळलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल थोराब्लोट झालं! आमची हिवाळ्यातली मोठी जेवणावळ. धुरात टिकवलेलं कोकराचं मांस, वाटाणे, आंबवलेला शार्क (कुणीही आवडीने खात नाही, सगळे आवडीने खाल्ल्यासारखं करतात) आणि शेवटी विनार्तेर्ता, सात थरांत सुक्या आलुबुखाराचं सारण भरलेला केक. तळघर गच्च. गाणी झाली. मग नेहमीप्रमाणे कवितांची पाळी.

मिस आस्लाउग म्हणायची, कविता म्हणताना ओठ कापले तर चालेल, गुडघे नाहीत. काठी न घेता उभा राहिलो. हात मागे.

"टपालघराच्या दारापाशी पाय माझे वर—"

एवढंच म्हटलं. आणि बसलो.

चमचे थांबले. सगळ्यांना कळलं मी काय म्हटलंय. गावच्या सगळ्यात मोठ्या जेवणावळीत मी, ऐंशीला टेकलेला माणूस, उभा राहून सांगतोय की मी पडलो. आणि वर अर्धी कविता! ती आता कुणी ना कुणी पुरी करायलाच हवी. अर्धी कविता तशीच ठेवून जेवणावळ मोडली, असं या गावात कधी झालेलं नाही.

मी ताटाकडे बघत बसलो. आणि बेग्गीचा आवाज आला. माझा बेग्गी!

"पाय म्हणाले डोक्याला, 'आज तू चाल तर!'"

तळघर दणाणलं! लोकांनी टेबलं बडवली. म्हातारी सिगुरवेग हसून हसून डोळे पुसत होती, आणि हसता हसताच उठली. तिला राहवेचना—

"दूध आणाया गेले, सांडलं, पांढरी झाली वाट—"

लगेच कोपऱ्यातून कुणीतरी:

"बर्फाला ना फरक कळला, मांजराचा थाट!"

मग काय, बांधच फुटला. फ्योला उठला, पट्टी काढली, जखम दाखवली आणि दार कसं नव्हतंच ते एका ओळीत सांगितलं, पुढची कुणीतरी जोडली. काठीगटातले एकामागून एक. कुणी तबेल्यामागे पडलं होतं, कुणी अंत्यविधीला जाताना. एकाला तर उचलायला दुकानातली दोन माणसं आणि एक घोड्याची झूल लागली होती! जो तो दुसऱ्यापेक्षा आपलं पडणं मोठं ठरवू लागला. सांगायची लाज गेली आणि बढाई आली! ओक्साना भिंतीला टेकून भराभर लिहीत होती, डोळ्यांतून पाणी, लेखणी थांबत नाही. आमच्या जुन्या भाषेतलं तिला पुरतं कळेना, म्हणून शेजारी बसून पाद्रीबाई तिला सांगत होत्या.

बेग्गी म्हणाला, "आणि आम्ही खुर्चीवाले? आम्हाला पडायला काहीच नाही? हा पक्षपात आहे!"

हशा. मी मनात म्हटलं, झालं! काठीवाले सगळे पडले, खुर्चीवाले कुणी नाही. आता दोन्ही सारख्या कोण म्हणेल? जिंकलो!

आणि थोरुन उभी राहिली.

तिने हात मागे बांधले. तिसरीतल्यासारखे. तिने कुणालाही पुरं करायला काही ठेवलं नाही. चारही ओळी तिच्याच.

"चर्चच्या उताराखाली पडले होते एकटी,
आभाळाशी बोलत होते, हाक नव्हती ओठी;
हात लागला खुर्चीला, ती हटली नाही जराही,
धरून तिला उठले मी, हे सांगितलं ना कुणाही."

कुणी टेबल बडवलं नाही. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि खाली बसून कॉफीचा घोट घेतला.

मी तिला हळूच म्हणालो, "अगं थोरुन! लारा!"

"मग?" ती म्हणाली. "तू खरं सांगायचंस आणि मी नाही?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

बेग्गीच्या नातीने सगळं मोबाईलवर टिपलं होतं. काल संध्याकाळी ते कॅलगरीत पोहोचलं. तिकडे बर्फात राहणाऱ्या आमच्या सगळ्या भाचरंडांनी ते बघितलं. लारानेही बघितलं असणार.

फोन नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन नाही. थोरुन रोज बाहेर पडते. मी मागून टुकटुक. आम्ही दोघंही कविता करत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाउतिस्ता आले. आज बुटांना खिळे लावून आले! ओक्सानाने कवितांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. तिने प्रत्येक कविता नीट उतरवली होती, खाली साध्या भाषेत अर्थ, कोण पडलं, कुठे, कशाने.

त्यांनी पहिली वाचली. दुसरी वाचली. मान वर केली. "हे... पद्य आहे."

"नियमात लिहिलंय, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत," ओक्साना म्हणाली. हात मागे! "गद्यातच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तीनदा बघितलं."

"पण यात पहिली ओळ या गृहस्थांची आणि पुढची त्या गृहस्थांची. मग स्वतःचे शब्द कुठले?"

मग बाउतिस्तांनीच दाढी खाजवली आणि म्हणाले, "पहिली ओळ पडणाऱ्याची. दुसरी ओळ म्हणणाऱ्याने ते ऐकलं, मान्य केलं, वर भर घातली. म्हणजे तो साक्षीदार." आणि त्यांनी समासात लिहिलं: साक्षीदार, बेर्गथोर (हे बेग्गीचं कागदावरचं नाव). बेग्गीची छाती अशी फुगली, की गुंडी तुटली.

असं दुपारभर. प्रत्येक कवितेला साक्षीदार! ते मधूनच हसत, मधूनच "पुन्हा म्हणा" म्हणत. मग थोरुनच्या कवितेपाशी आले. तिला साक्षीदार नव्हता.

"तुम्ही पडलात. खुर्ची असूनही."

"हो."

"आणि उठलात कशा?"

"लिहिलंय की. खुर्ची धरून. ब्रेक दाबलेला होता, ती जागची हलली नाही. आधी गुडघा टेकला, मग बैठकीवर कोपर, मग उभी."

"मदतीला कुणी?"

"कुत्रंसुद्धा नव्हतं हो."

मग ते गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उलटू लागले. आता फक्त एकच बघत होते. टपालघर: उचललं, टपालवाल्याने. दूध: उचललं, शेजारणीने. तबेला: मुलगा येईपर्यंत तसाच पडून, मग त्याने उचललं. दुकान: दोन माणसं आणि झूल. एकही काठीवाला आपला आपण उठला नव्हता! गुळगुळीत बर्फात काठी रोवून ऐंशीचा माणूस उठणार तरी कसा?

"पडणं आम्ही विचारलं," बाउतिस्ता म्हणाले. "उठणं विचारायचं राहूनच गेलं." आणि थोरुनला म्हणाले, "बाई, तुम्ही पडला नसता, तर हे आम्हाला कळलंच नसतं."

ओक्साना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही. बेग्गी म्हणाला, त्याला सर्दी झालीय.

११ मार्च, मंगळवार

मंजूर! मंजूर! मंजूर!

नवी वस्तू सरस ठरली, असा कागद आला. आता मोठी खरेदी होणार, तळ्याकाठच्या सगळ्या गावांसाठी. नियमाप्रमाणे निविदा उघडी, कुणीही भाव सांगावा. त्या लोखंड वाकवणाऱ्या जोडप्यालाच मिळेल असं नाही, पण ओक्साना म्हणते, "त्यांच्यासारखा ब्रेक कुणाकडे आहे!" चाचणीच्या खुर्च्या ज्याच्या त्याच्याकडेच राहणार. आणि आजपासून काठीवाल्यांवरची बंदी उठली!

मी गावभर सांगत फिरलो. चालत. नाचत म्हणावं लागेल. एकदा पडलो. तिथेच पडल्या पडल्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "पडलो हो!" किती मोकळं वाटतं!

फक्त लाराचा फोन अजून नाही. थोरुन म्हणते, ती गप्प असते तेव्हा तिकीट काढत असते. एक की दोन, तेवढंच बघायचं.

१९ मार्च, बुधवार

लाराचा फोन आला. मी थोरुनकडेच होतो, हातात कॉफी, दातात खडीसाखर. लारा म्हणाली, तिने ती कविता किती वेळा बघितली ते विचारू नकोस, आणि एकच तिकीट काढलंय, तिचं स्वतःचं. तू राहा तिथेच, आई.

"ते तिकीट बदल," थोरुन म्हणाली. "मार्चमध्ये कशाला येतेस चिखलात? जूनमध्ये ये. लग्नाला."

फोनमधून लारा आणि इकडून मी, दोघांनी एकदमच विचारलं, "कुणाच्या?"